समुद्री उद्यानाचं तिकीट: पैसा कोण देतो आणि जातो कुठे?



आजचा पाठ जरा लांब आहे. जाळी सांधून झाली, जेवण झालं की निवांत वाचा. एका दमात नाही झाला तर दोन बैठकीत वाचा, पण शेवटचे सात प्रश्न चुकवू नका.

विषय असा. समुद्रातला एखादा भाग राखून ठेवायचा म्हटलं की त्याला खर्च येतो. तो खर्च तिथे फिरायला, बुडी मारायला येणाऱ्या पाहुण्यांकडून फी घेऊन भागवायचा, ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. काही ठिकाणी ती चांगली चालली, काही ठिकाणी चालता चालता बिघडली. ती का चालते आणि का बिघडते, ते बघू.

कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आपण मासे मारणारी माणसं, उद्यान-बिद्यान सरकार बघेल. पण जरा आजूबाजूला बघा. मालवण-तारकर्लीला स्कूबाच्या होड्या आहेत. गोव्यात ग्रँड आयलंडला स्नॉर्कलिंगवाले जातात. खाली मुर्डेश्वरसमोर नेत्राणीला डायव्हर जातात. त्याच खडपांवर आपला गळ पडतो, त्याच्याच आसपास आपली कांडाळ लागते. उद्या कोणी म्हणालं की इथे पर्यटकांना फी लावू आणि त्या पैशातून खडप राखू, तर आपण काय म्हणणार? नुसतं “नको” म्हटलं तर आपल्याला वगळून ठरेल. नुसतं “हो” म्हटलं तर पैसा येईल आणि आपल्याला दिसणारही नाही. म्हणून आधी अभ्यास.

*१. राखायला खर्च कसला येतो?*

नकाशावर रेघ मारून “हे उद्यान” म्हणायला कागद आणि शाई पुरते. पुढचा खर्च मात्र दरवर्षीचा असतो.

पहिला खर्च गस्तीचा. होडी, इंजिन, डिझेल आणि होडीवर पगारी माणसं. दुसरा खर्च बोयांचा. पर्यटकांच्या होड्या दररोज त्याच खडपावर नांगर टाकत राहिल्या तर वर्षा-दोन वर्षांत पोवळ्यांचा चुरा होतो. म्हणून तळाला पक्कं बांधून वर बोया सोडायचा आणि होडीने नांगर न टाकता त्या बोयाला दोर बांधायचा. हे बोये पावसाळ्यात सुटतात, दोर झिजतो, साखळी गंजते. दरवर्षी काम निघतं. तिसरा खर्च मोजणीचा: मासे वाढले की कमी झाले, पोवळी जगली की मेली. चौथा खर्च माणसांना समजावण्याचा, शाळेत जाण्याचा, बैठका घेण्याचा.

सुरुवातीला कोणीतरी मोठी संस्था किंवा सरकार पैसे देतं. तीन-चार वर्षांनी ते थांबतात. मग होडी धक्क्याला लागून राहते, बोये वाहून जातात आणि उद्यान फाईलमध्ये राहतं. याला जगभर “कागदावरचं उद्यान” म्हणतात. आता पहिलं उदाहरण बघू, तेही एकदा असंच कागदावर गेलं होतं.

*२. बोनेअर: दहा डॉलरचा बिल्ला*

बोनेअर हे कॅरिबियन समुद्रातलं, व्हेनेझुएलाच्या उत्तरेचं लहान बेट. डच राजवटीचा भाग. तिथे भाला मारून मासे मारायला १९७१ पासून बंदी आहे. १९७९ मध्ये बेटाभोवतीचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, समुद्री उद्यान म्हणून जाहीर झाला. सुरुवातीचे पैसे बाहेरून मिळाले. ते संपले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात उद्यानाचं काम जवळजवळ बंद पडलं. नियम होते, पण ते पाळले जातायत का हे बघायला माणूस नव्हता. त्याच काळात डायव्हर मात्र वाढत होते.

१९९० नंतर पुन्हा हालचाल झाली. मदत देणाऱ्यांचंही म्हणणं होतं की उद्यानाने आता स्वतःच्या पायावर उभं राहावं. विचार निघाला की प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायचे. डाइव्ह-दुकानवाल्यांना धास्ती वाटली. फी लावली की गिऱ्हाईक दुसऱ्या बेटावर जाईल, असं त्यांचं म्हणणं. ही भीती आपल्याकडच्या होडीवाल्यालाही वाटेल आणि त्यात गैर काही नाही.

मग डायव्हरनाच विचारलं गेलं. फी लागू व्हायच्या आसपास झालेल्या पाहणीत १०० पैकी ९२ जणांनी सांगितलं की १० डॉलर योग्य आहेत, आम्ही देऊ. ८० जण २० डॉलरसुद्धा द्यायला तयार होते. ३० डॉलरला ४८ जण तयार होते आणि ५० डॉलरला १६. म्हणजे मागितलेली फी पाहुण्यांच्या तयारीपेक्षा बरीच कमी होती. जो माणूस विमानाचं तिकीट काढून, हॉटेलचे पैसे भरून पोवळी बघायला येतो, त्याला ती पोवळी जिवंत राहावीत म्हणून १० डॉलर जड वाटत नाहीत. त्याला एवढंच कळायला हवं की पैसा त्याच कामाला लागणार आहे.

१ जानेवारी १९९२ पासून फी सुरू झाली. पैसे भरले की प्लास्टिकचा एक बिल्ला मिळायचा, तो डायव्हरने आपल्या सामानाला अडकवायचा. वर्षभर चालायचा. बिल्ले दुकानवालेच विकायचे, त्यामुळे वसुलीला वेगळी फौज लागली नाही. पाण्यात कोणाकडे बिल्ला आहे नि कोणाकडे नाही, हे लांबून दिसतं, त्यामुळे तपासणीही सोपी. नव्या डायव्हरला आधी नियम समजावून सांगायचे आणि मगच बुडी मारू द्यायची, हीसुद्धा पद्धत पडली.

पहिल्याच वर्षी १ लाख ७० हजार डॉलरच्या आसपास जमा झाले. उद्यान चालवायचा वर्षाचा खर्च साधारण दीड लाख डॉलर होता. म्हणजे पगार, होडी, बोये सगळं त्यात भागलं. आणि डायव्हर कमी झाले नाहीत, उलट वाढले.

अजून एक आकडा बघा. त्या सुमारास डायव्हिंगच्या पर्यटनातून बेटावर वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची उलाढाल होत होती. एवढा धंदा ज्या पोवळ्यांवर उभा होता, ती राखायचा खर्च दीड लाख. शंभर डॉलरच्या धंद्यामागे एक डॉलरसुद्धा नाही. तरीही फी येईपर्यंत तो खर्च करायला कोणी पुढे आलं नव्हतं. हॉटेलवाला म्हणणार सरकारचं काम, सरकार म्हणणार पैसे नाहीत.

पुढे फी वाढत गेली. २००५ पासून डायव्हरला २५ डॉलर आणि पाण्यात उतरणाऱ्या इतर पाहुण्यांना १० डॉलर. २०१९ मध्ये ती ४५ आणि २५ झाली. पैसा सांभाळायला सरकारी खात्याऐवजी बेटावरचीच संस्था आहे, स्टिनापा नावाची.

बोनेअरच्या त्याच अभ्यासात एक धोक्याचा इशाराही होता. एका जागी वर्षाला साधारण ४,००० ते ६,००० पेक्षा जास्त बुड्या पडल्या तर पोवळ्यांचं नुकसान दिसायला लागतं. म्हणजे फी मिळते म्हणून माणसं कोंबत गेलात तर ज्याच्यासाठी फी घेतली तेच संपतं. तिकीट असलं तरी मर्यादा पाहिजेच.

*३. बुनाकेन: गस्तीला गावातली माणसं*

आता इंडोनेशियात चला. सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला मनाडो शहर आहे, त्याच्यासमोर बुनाकेन. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, जवळजवळ ८९,००० हेक्टर. बोनेअरपेक्षा हे उदाहरण आपल्याला जवळचं आहे, कारण उद्यानाच्या हद्दीतच गावं आहेत. वीस हजारांहून जास्त माणसं तिथे राहतात आणि त्यातली बरीच मासेमारीवर जगतात.

तिथला त्रास सुरुंगाचा आणि सायनाइडचा. बाहेरच्या होड्या यायच्या, बॉम्ब टाकायच्या आणि मेलेले मासे गोळा करून जायच्या. खडप उद्ध्वस्त, आणि गावातल्या गळवाल्याच्या हाती काही नाही. वनखात्याची मोजकी माणसं एवढा समुद्र कशी बघणार?

२००० च्या शेवटी तिथे एक व्यवस्थापन मंडळ झालं. त्यात सरकारी खाती, डायव्हिंगवाले, विद्यापीठ आणि गावांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसले. गावांनी स्वतःचा मंच केला होता आणि त्या मंचाला मंडळात खुर्च्या होत्या. बोनेअरचाच नमुना घेऊन २००१ मध्ये फी सुरू झाली. परदेशी पाहुण्याला वर्षभराचा बिल्ला ७५,००० रुपियांना, पुढच्या वर्षी तो दीड लाख रुपिया केला. आकडा मोठा दिसतो, पण दीड लाख रुपिया म्हणजे तेव्हाचे १७ डॉलरच्या आसपास. देशातल्या माणसाला मात्र एका भेटीचे फक्त २,५०० रुपिया. घरच्या माणसाला परवडेल असं, बाहेरच्याला त्याच्या ऐपतीप्रमाणे.

पहिल्या वर्षी साधारण ४२,००० डॉलर जमले, दुसऱ्या वर्षी १ लाखाच्या वर.

आता मुख्य मुद्दा, वाटणीचा. जमलेल्या पैशातले ८० टक्के उद्यानाच्या मंडळाकडेच राहायचे. उरलेले २० टक्के केंद्र, प्रांत आणि स्थानिक सरकारांत वाटले जायचे. मंडळाकडच्या पैशातला ठराविक हिस्सा गावांच्या छोट्या कामांना जायचा. आणि गस्तीच्या होडीवर रेंजर, पोलीस यांच्याबरोबर गावातली माणसं पगारावर असायची. ज्याला खडपाची प्रत्येक फट माहीत, रात्री इंजिनाचा आवाज कुठल्या बाजूने येतोय हे ज्याला कळतं, तोच गस्तीवर. सुरुंग आणि सायनाइडवाल्यांवर वचक बसला.

इथपर्यंत सगळं चांगलं. पुढचं नीट वाचा.

हे मंडळ आणि ही वाटणी प्रांताच्या नियमांवर उभी होती. राष्ट्रीय उद्यान मात्र केंद्र सरकारचं. २०१४ मध्ये इंडोनेशियाने देशभरच्या राष्ट्रीय उद्यानांचे दर केंद्राच्या एका नियमाने ठरवले. त्या पद्धतीत फी राष्ट्रीय तिजोरीत जमा होते आणि उद्यानाला मिळायचं ते सरकारी बजेटातून मिळतं. मंडळाकडे पैसा यायची जी वाट होती, ती अशी हातातून गेली. फी मात्र वाढली: परदेशी पाहुण्याला तेव्हा वर्षाऐवजी दिवसाचे दीड लाख रुपिया झाले.

पाहुणा जास्त पैसे देतो आणि गावाच्या टेबलावर कमी पैसे येतात, असं होऊ शकतं. कारण पैसा कुठल्या खात्यात जातो हे दराच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

*४. आपो: गावाने राखलं, पैसा मनिलाला गेला*

तिसरं उदाहरण फिलिपिन्सचं. नेग्रोस बेटाजवळ आपो नावाचं इवलंसं बेट. वस्ती हजाराच्या आत. सिलिमन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अँजेल अल्काला आणि त्यांची माणसं १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे यायला लागली. आल्या आल्या बंदीचा कागद काढला नाही. काही वर्षं गावात बसून बोलले. १९८२ मध्ये गावाने स्वतःच ठरवलं की किनाऱ्याचा साधारण अर्धा किलोमीटरचा पट्टा सोडून द्यायचा, तिथे कोणीच मासे मारायचे नाहीत. बाकीच्या समुद्रात नेहमीसारखी मासेमारी. पण तीसुद्धा गळ, सापळा, साधी जाळी अशीच. सुरुंग-विष बंद.

पुढच्या वीस वर्षांत त्या पट्ट्यातले मोठे मासे अनेक पटीने वाढले. पट्ट्याच्या कडेला मासेमारी करणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. पाण्याला कुंपण नसतं, आत वाढलेला मासा बाहेर येतोच. हे जगातल्या सर्वांत जास्त काळ मोजल्या गेलेल्या राखीव पट्ट्यांपैकी एक आहे. अल्कालांना १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मासे वाढले तसे डायव्हर यायला लागले. १९९२ मध्ये फिलिपिन्समध्ये संरक्षित क्षेत्रांचा राष्ट्रीय कायदा झाला आणि १९९४ मध्ये आपो त्या कायद्याखाली आलं. गावाच्या समितीच्या जागी सरकारी अधिकारी असलेलं मंडळ आलं. १९९९ पासून डायव्हरकडून फी घेणं सुरू झालं. नियम असा की फी आधी राष्ट्रीय निधीत जमा करायची आणि मग त्यातले ७५ टक्के त्या जागेला परत मिळायचे. वाचायला छान वाटतं. पण परत मिळण्यासाठी कागद मनिलाला जायचा, मंजुरी यायची, आणि पैसे यायला फार वेळ लागायचा. बोया सुटलाय या महिन्यात, त्याचे पैसे आले पुढच्या-पुढच्या वर्षी. ज्यांनी स्वतः ठरवून पट्टा सोडला होता त्यांनाच वाटायला लागलं की आपल्या हातून सगळं निसटलं.

या तक्रारी बऱ्याच संरक्षित क्षेत्रांतून होत्या. शेवटी २०१३ मध्ये फिलिपिन्सने कायदा बदलला आणि ७५ टक्के रक्कम स्थानिक मंडळाने जागेवरच ठेवायची मुभा दिली. म्हणजे आधी मनिलाला पाठवा आणि मग वाट बघा, हे थांबलं. एवढी एक ओळ बदलायला वीस वर्षं गेली.

आपोची अजून एक गोष्ट. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मध्ये लागोपाठ दोन मोठी वादळं आली आणि त्या राखीव पट्ट्यातली पोवळी मोडून पडली. पट्टा पर्यटकांना बंद करावा लागला. तीस वर्षं जपलेलं दोन वादळांत गेलं. बोनेअरलाही २०२३ मध्ये दगडी पोवळ्यांना होणारा मोठा रोग पोचला. तिकिटाच्या पैशाने वादळ थांबत नाही, पाणी तापायचं थांबत नाही, रोग थांबत नाही. तिकिटाच्या पैशाने नांगर थांबतो, सुरुंग थांबतो, कचरा थांबतो. जे आपल्या हातात आहे तेवढंच.

*५. तिन्ही शेजारी ठेवून बघा*

तिन्ही ठिकाणी पाहुणे पैसे द्यायला तयार होते. त्याची अडचण कुठेच आली नाही. अडचण आली ती पैसा जमा झाल्यावर.

बोनेअरला पैसा बेटावरच राहिला आणि पद्धत अजून चालू आहे. बुनाकेनला तो जागेवर राहिला तोपर्यंत गस्त उत्तम चालली, पण ती वाटणी भक्कम कायद्यावर नव्हती म्हणून बदलली. आपोला पैसा दूर जाऊन परत यायचा, त्यात गावाचा विश्वास झिजला.

म्हणून आजच्या पाठाचं सार एवढंच: फी किती, यावर भांडण्याआधी खातं कुठलं, सही कोणाची आणि हिशेब कोण बघणार, हे लिहून घ्या.

*६. आपल्याकडे काय आहे?*

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटर. त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध का होता हे आपल्याला सांगायला नको. रेघ आधी मारली गेली आणि ज्यांचा समुद्र त्यांच्याशी बोलणं नंतर, अशी ती भावना. गोव्याच्या खुल्या समुद्रात असं अभयारण्य नाही, पण पर्यटकांच्या होड्या आहेत.

कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात.

एक, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २८. अभयारण्यात पर्यटनासाठी जायला परवाना देता येतो आणि त्याची फी ठरवता येते. म्हणजे फी घ्यायची तरतूद आधीपासून आहे.

दोन, त्याच कायद्याचं कलम २६-अ, १९९१ च्या दुरुस्तीने आलेलं. देशाच्या सागरी हद्दीतला भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर त्याच्या सीमा ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण होईल अशी पुरेशी व्यवस्था आधी करायला हवी, असं त्यात लिहिलं आहे. हे कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. बैठकीत कोणी म्हणालं की मच्छीमारांचा इथे काय संबंध, तर हे कलम पुढे ठेवा.

पैसा जागेवर ठेवण्याची पद्धत आपल्या देशात नाही असंही नाही. वाघांच्या जंगलांसाठी २००६ च्या दुरुस्तीने कलम ३८-क्ष आलं. त्याप्रमाणे प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी वेगळं प्रतिष्ठान करायचं आणि पर्यटकांची फी त्या प्रतिष्ठानाकडे ठेवायची. ताडोब्याला गेटवर जे पैसे भरता ते असेच तिथल्या प्रतिष्ठानाकडे जातात आणि जंगलाच्या व आसपासच्या गावांच्या कामाला वापरता येतात. जंगलात वाघासाठी जे करता आलं, ते समुद्रात खडपासाठी का करता येऊ नये? हा प्रश्न आपण विचारू शकतो.

*७. एक हिशेब करून बघू*

हे आकडे खरे नाहीत, फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या गावाचे आकडे घालून परत करा.

समजा एका खडपावर वर्षाला ३०,००० पाहुणे येतात आणि माणशी १०० रुपये फी. जमा ३० लाख.

खर्च असा धरू:
– गस्तीसाठी सहा माणसं, महिना १५,००० प्रमाणे: १० लाख ८० हजार
– होडी, डिझेल, दुरुस्ती: ६ लाख
– बोये, साखळ्या, दोर: ३ लाख
– पावत्या, कारकून, वसुली: २ लाख ५० हजार
– मासे-पोवळी मोजणी: १ लाख ५० हजार

एकूण २३ लाख ८० हजार. उरले ६ लाख २० हजार. त्यातले ४ लाख गावाच्या निधीला दिले तर शिल्लक २ लाख २० हजार.

आता वाईट वर्ष धरा. २०२० मध्ये पर्यटन कसं ठप्प झालं ते सगळ्यांनी बघितलंय. समजा निम्मेच पाहुणे आले. जमा १५ लाख, गावाला काहीच न देताही तूट ८ लाख ८० हजार. चार वर्षं न चुकता बाजूला टाकलेली शिल्लक एका वर्षात संपली. आणि गस्त बंद पडायची नेमकी तीच वेळ असते जेव्हा धंदा नसल्याने चोरटी मासेमारी वाढते. म्हणून सगळा खर्च तिकिटावर टाकायचा नाही. पगाराचा काही भाग तरी सरकारने उचलावा, ही मागणी आधीच घालायची.

अजून एक बघा. या हिशेबात सहा जणांना काम मिळालं, पण खडपाचा काही भाग बंद झाला तर किती होड्यांचं नुकसान झालं? आणि धक्क्यावर मासळी विकणाऱ्या किती बायकांच्या टोपलीत फरक पडला? तो आकडाही खर्चाच्याच बाजूला लिहायला हवा. बहुतेक अहवालांत तो नसतो. आपण लिहून ठेवला नाही तर दुसरं कोणी लिहिणार नाही.

*८. बैठकीला जाण्याआधीचे सात प्रश्न*

१) फी कुठल्या कायद्याखाली किंवा कुठल्या ठरावाने घेणार? तो ठराव कोण बदलू शकतो?

२) पैसा कुठल्या खात्यात जाणार? जागेवर किती टक्के राहणार आणि ते आधी बाहेर जाऊन परत येणार की थेट इथेच राहणार?

३) मंडळात मच्छीमारांच्या खुर्च्या किती? नुसतं “आमंत्रित” म्हणून बोलावणार की मत देता येणार? मासळी विकणाऱ्या भगिनींची खुर्ची कुठे?

४) फी कोणावर? मासेमारी करणाऱ्या होडीवर ती लागणार नाही, हे लेखी आहे का? स्थानिक माणसाला सूट किती?

५) गस्त, बोये, गाईड या कामांत गावातली किती माणसं घेणार? पगार महिन्याच्या महिन्याला मिळणार का?

६) दिवसाला जास्तीत जास्त किती होड्या, किती पाहुणे? ही मर्यादा मोडली तर दंड कोणाला?

७) हिशेब कधी आणि कुठे लावणार? धक्क्यावर, मराठीत, दर तीन महिन्यांनी पाटीवर लागला पाहिजे. पीडीएफमध्ये कुठेतरी ठेवलेला हिशेब आमच्या चाचांना आणि मावश्यांना दिसत नाही.

या सातपैकी पहिल्या तिघांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर पुढची चर्चा थांबवायला हरकत नाही. “नंतर बघू” हे उत्तर बुनाकेन आणि आपोच्या लोकांनी ऐकलेलं आहे.

*घरचा अभ्यास*

प्रत्येकाने आपापल्या धक्क्यावर एक काम करायचं. येत्या पंधरा दिवसांत रोज किती पर्यटक होड्या सुटतात, साधारण किती माणसं जातात आणि कुठल्या खडपावर नांगर टाकतात, हे वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, माणसं. एवढंच. होडीवाल्याशी भांडू नका, तेही आपलेच, बऱ्याच जणांच्या घरात एक भाऊ मासे मारतो आणि दुसरा पर्यटक नेतो. त्यांनाही हा पाठ वाचून दाखवा. बोनेअरला वसुलीपासून नियम समजावण्यापर्यंत सगळं त्यांच्यासारख्यांच्याच हातून झालं.

ही वही सोसायटीच्या पुढच्या बैठकीत घेऊन या. कोणी फीचा विषय काढला तर आपल्याकडे आपला आकडा असेल. आणि कोणी काढला नाही, तरी कुठल्या खडपावर किती नांगर पडतात हे आपल्याला कळलेलं असेल. त्यावरून बोया कुठे लागायला हवा, हे आपणच सांगू शकू.

दर्या राखा, सांभाळून जा.